बोअर आटला नव्हता, वायसर गेलं होतं

आमच्या वस्तीवरचा हापसा मार्चमध्ये बंद पडला तेव्हा सगळ्यांचं निदान एकच होतं: बोअर आटला. जालना जिल्ह्यात उन्हाळ्याच्या तोंडावर हे कोणी म्हटलं की लगेच पटतं, तपासून बघायची गरज कुणालाच वाटत नाही. नळयोजना वस्तीपर्यंत आली आहे, पण पाणी आठवड्यातून एकदा, आणि तेही लाईट असली तर. त्यामुळे ग्रामसभेत नव्या बोअरची मागणी झाली. खोल घ्या, मोटार टाका. मी ग्रामपंचायतीची सदस्य आहे. माझं म्हणणं एवढंच होतं की आधी जुना उघडून बघू.

तसं म्हणायला कारण होतं. पाणी भरणाऱ्या बायकांना विचारलं तर दिवाळीपासूनची हकिकत कळली. सकाळी पहिल्यांदा दांडा मारला की बराच वेळ नुसता खडखडाट, मग हळूहळू पाणी. एकदा सुरू झालं की येत राहायचं, पण बादली भरायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ. बोअर आटायला लागला तर याच्या नेमकं उलट होतं. रात्रभर झिरपून साठलेलं पाणी सकाळी जोरात येतं, चार-पाच हंडे भरले की धार तुटते, फुसफुस हवा येते आणि मग तासभर थांबावं लागतं. आमच्याकडे सकाळीच कोरडं आणि नंतर पाणी. म्हणजे पाणी खाली होतं, रात्रीतून पाइपातून परत उतरत होतं.

हे समजायला हापशाची रचना माहीत हवी. वर दिसतो तो दांडा आणि तोटी, पंप मात्र पार तळाशी. वरून हवा ओढून पाणी चढवायचं म्हटलं तर हवेचा दाब तत्त्वतः दहा मीटरपर्यंतच पाणी ढकलतो, प्रत्यक्षात सात मीटर मिळाले तरी पुष्कळ. आमच्या काळ्या पाषाणात पाणी सत्तर-ऐंशी फुटांवर. म्हणून पंपाचा सिलिंडरच पाण्यात बुडवून ठेवतात आणि दांड्याची हालचाल लोखंडी रॉडनं खाली पोचवतात. सिलिंडरमध्ये एक पिस्टन, त्याच्या कडेनं पाणी निसटू नये म्हणून वायसरं, आणि बुडाशी फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी आत घेणारी पण परत न सोडणारी झडप. पिस्टन वर जाताना वरचं पाणी उचलतो आणि खालून नवीन पाणी आत घेतो. खाली येताना फूट व्हॉल्व्ह मिटतो आणि पाणी पिस्टनमधून वर सरकतं. हा खालचा व्हॉल्व्ह नीट मिटत नसेल तर रात्रभरात पाइप रिकामा होतो. वायसर झिजलं असेल तर पाणी येतं, पण कमी. आमच्या हापशाला दोन्ही दुखणी असावीत असा माझा अंदाज होता.

हा हापसा ज्या जातीचा आहे तिची मुळं आमच्याच भागात आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पूर्वी बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे पंप बसवायचे. ते एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले; अख्खं गाव दिवसभर दांडा मारायला लागलं की तडकायचे. १९६० च्या दशकात जालना आणि सोलापूर इथल्या ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी त्यांच्यात सुधारणा केल्या, पोलादी आणि मजबूत पंप बनवले. सोलापूरच्या पंपात दांड्याच्या टोकाला गोलाकार चाप आणि त्यावरून चेन आली, त्यामुळे रॉड वाकडा न होता सरळ वर ओढला जाऊ लागला. त्याच कल्पनेवरून १९७० च्या दशकात युनिसेफ, भारत सरकार आणि रिचर्डसन अँड क्रूडास कंपनीचा मद्रासचा कारखाना यांनी मिळून इंडिया मार्क-२ तयार केला. त्याचं पेटंट कुणी घेतलं नाही. भारतीय मानक ९३०१ प्रमाणे कोणताही कारखाना तो बनवू शकतो, म्हणून त्याचं वायसर आजही तालुक्याच्या दुकानात मिळतं. मला याचा मनापासून अभिमान वाटतो, आणि असा हापसा भंगारात काढायला हात उठतो तेव्हा वाईट वाटतं.

अर्ज ग्रामसेवकांच्या सहीनं तालुक्याला दिला. त्यात ‘बोअर कोरडा’ हे शब्द मी येऊ दिले नाहीत. तसं लिहिलं की कागद नव्या विंधन विहिरीच्या फायलीत जातो आणि जुन्याकडे कुणी फिरकत नाही. ‘आधी सकाळी पाणी उशिरा येत होते, नंतर कमी येत होते, आता हापसा बंद आहे, सिलिंडर तपासून दुरुस्ती व्हावी’ असं लिहिलं, हापशाचा रंगवलेला क्रमांकही घातला. हापसे दुरुस्त करणाऱ्या पथकाची गाडी एक आणि गावं बरीच, त्यामुळे वाट पाहावी लागली. सामान येईल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून वायसरांचा जोड, सीलिंग रिंगा आणि व्हॉल्व्हची रबरं ग्रामपंचायतीनं आधीच आणून ठेवली. आयएसआय छापाचीच घ्यायची. साधं रबर पाण्यात फुगतं आणि पिस्टन अडकतो.

पथक आलं तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. मिस्त्रीकाका पन्नाशी ओलांडलेले, बोलायला कमी. त्यांनी आधी पुढचं झाकण उघडून चेन पाहिली, मग दांडा हातात धरून हलकेच वर-खाली केला. म्हणाले, “ताई, रॉड तुटलेला नाही. तुटला असता तर दांडा हलका लागला असता.” मग चेन सोडली, डोकं उतरवलं, पाण्याची टाकी काढली आणि बोअरच्या तोंडावर पाइपाचा शिकंजा बसवला.

इथून पुढचं काम अंगमेहनतीचं. आमच्या हापशाला दहा-दहा फुटांचे बारा पाइप, प्रत्येकात तेवढ्याच लांबीचा रॉड. मिळून दीडशे किलोच्या आसपास वजन होतं. वस्तीवरची पोरं दोन्ही बाजूंनी लिफ्टर धरून उभी. एक पाइप वर ओढायचा, शिकंजा आवळायचा, पान्यानं पाइपाचा साकेट सोडवायचा, आतल्या रॉडचा जोड सोडवायचा, पाइप बाजूला ठेवायचा. शिकंजा आवळल्याशिवाय कुणीही हात सोडायचा नाही, हे काकांनी प्रत्येक वेळी बजावलं. पाइप एकदा निसटला की सगळी माळ बोअरच्या तळाला जाते, आणि मग तो बोअर खरोखरच मेला म्हणायचा.

मी पाइप मोजत होते. पहिले सात बाहेरून कोरडे, गंजाची तांबूस पूड हाताला लागणारे. आठवा मध्यापर्यंत आला आणि त्यावर ओली रेघ दिसली. त्याखालचा भाग पाणी निथळणारा, वर क्षारांचा पांढरट थर. “पंचाहत्तर फुटांवर पाणी,” काका म्हणाले. सिलिंडर एकशे वीस फुटांवर. म्हणजे भर उन्हाळ्यात सिलिंडरच्या वर पंचेचाळीस फूट पाणी उभं होतं. बघायला जमलेल्यांपैकी ज्यांनी नव्या बोअरसाठी हात वर केला होता तेही वाकून ती रेघ बघत होते.

सिलिंडर उघडल्यावर राहिलेली शंकाही गेली. वायसराची कड एका बाजूनं कागदासारखी पातळ झालेली, दुसरीकडे चिरलेली. फूट व्हॉल्व्हच्या रबरात बारीक वाळूचा कण रुतून खाच पडली होती. एवढ्याशा खाचेतून रात्रभर पाणी उतरत होतं. आतली पितळी नळी मात्र गुळगुळीत होती. काकांनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि मलाही फिरवायला लावलं. तिथे ओरखडे असते तर नवं वायसरही महिन्या-दोन महिन्यांत गेलं असतं.

नवं सामान घालून काकांनी सिलिंडर पाण्याच्या बादलीत बुडवला, रॉड हातानं ओढून पाहिला आणि तो भरलेलाच वर उचलून धरला. खालून थेंब पडला नाही, तेव्हाच पाइप परत सोडायला सुरुवात केली. ज्या दोन पाइपांचे आटे झिजले होते ते बदलले. शेवटी चेनला ग्रीस. चेन हा भाग लोक विसरतात. ती गंजून आखडली की रॉड खाली जाताना तिची घडी पडते आणि धक्के बसतात.

ब्लीचिंगचं पाणी बोअरमध्ये ओतून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत हापसून ते सोडून दिलं. मग मोजमाप. चाळीस वेळा दांडा मारल्यावर पंधरा लिटरची बादली भरली पाहिजे, मार्क-२ चं माप तेच. आमची बादली काठोकाठ भरली.

आता ही चाळीस दांड्यांची मोजणी दर अमावास्येला होते. दिवस लक्षात राहावा म्हणून अमावास्या, दुसरं काही नाही. बादली भरली नाही की वायसराची वेळ आली असं समजायचं, हापसा बंद पडायची वाट बघायची नाही. मोजणी वस्तीवरच्या दोन मुली करतात आणि आकडा ग्रामपंचायतीच्या वहीत लिहितात.

त्याच पथकाकडून गावातला आणखी एक बंद हापसा उघडून घेतला. तिथे सगळे पाइप कोरडे निघाले, शेवटच्यावर तेवढी हातभर ओल. तो बोअर खरोखर आटला आहे. त्याच्या तोंडावर लोखंडी टोपी बसवून नटबोल्ट आवळून घेतले, कारण उघडा बोअर लहान मुलांच्या जिवावर बेततो. त्याचे चांगले पाइप आणि रॉड ग्रामपंचायतीच्या खोलीत आहेत. नव्या बोअरचा ठराव केलाय तो त्या आळीसाठी.