फाइल आली, मराठी राहिली

लग्नसराईच्या तोंडावर पत्रिका छापणाऱ्याने आणि मार्चअखेरीस हिशेब लिहिणाऱ्याने कॉम्प्युटर बदलू नये. निफाड-पिंपळगावच्या द्राक्षवाल्यांनी तर जानेवारी ते एप्रिल त्याचं नावही काढू नये. पण जुना डबा नेमका तेव्हाच मान टाकतो. मग नाशिकच्या एम. जी. रोडवरून नवं मशीन येतं आणि जोडून देणारा पोरगा म्हणतो, "डाटा ना, अर्ध्या तासात टाकतो." डाटा जातोही. काम मात्र जुन्याच डब्यात राहतं.

"माझं सगळं डी ड्राइव्हला आहे," असं मालक छातीठोकपणे सांगतो. निम्मं काम निघतं डेस्कटॉपवरच्या 'न्यू फोल्डर २' मध्ये, आणि डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग, यूजर्स फोल्डरच्या पोटातला. डी उचलला आणि सी फॉरमॅट केला की संपलं. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डाटा नुसत्या नंबराच्या फोल्डरात असतो. तो आतून निवडून घेऊ नये, अख्खा उचलावा. टॅलीचं लायसन्स आधी जुन्या मशीनवरून सरेंडर करायचं, मग नव्यावर चालू करायचं. जुनं मशीन विकून झाल्यावर हे आठवलं तर कपाळाला हात.

सरळ मार्ग म्हणजे जुनी हार्डडिस्क काढून साटा-यूएसबी केबलने नव्याला जोडणं. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या करंटवर चालते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंचीला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. तो नसेल तर डिस्क फिरतच नाही आणि लोक ती 'गेली' म्हणून बाजूला ठेवतात. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर डिस्क ४८ आकडी किल्ली मागते, तेव्हा किल्ली आधीच कागदावर उतरवून घ्यावी. पेनड्राइव्हवर साठ जीबी रिकामे असूनही पाच जीबीचं लग्नाचं शूटिंग बसत नाही. कारण जागा नव्हे, फॅट ३२ फॉरमॅट: त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. एक्सफॅट केलं की काम होतं, फक्त त्यात पेनड्राइव्ह पुसला जातो. आणि कट-पेस्ट अजिबात नको, कॉपीच. लाइट कधी जाईल याचा नेम नाही.

इथवरचं कोणालाही जमतं. खरा घोळ पत्रिका उघडल्यावर. 'मराठी' असायला हवं तिथे ई, जे, के, बी, एच अशी इंग्रजी अक्षरं. फाइल खराब झालेली नसते. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलीत मराठी मुळात नसतंच. 'म'च्या जागी इंग्रजी ई साठवलेला असतो आणि फॉन्ट त्याला 'म'चा चेहरा देतो. फॉन्ट जुन्या डब्यात राहिला की चेहरा उतरतो. श्रीलिपी, आकृती, शिवाजी यांचीही तीच तऱ्हा, आणि प्रत्येकाची अक्षरांची मांडणी निराळी, म्हणून एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

तेव्हा विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डर आधी कॉपी करावं. नव्यावर नुसतं 'इन्स्टॉल' दाबू नये, 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' दाबावं. नाहीतर फॉन्ट एकाच यूजरपुरता बसतो आणि काही जुन्या सॉफ्टवेअरना तो दिसत नाही. पत्रिका मांडायच्या कोरल सॉफ्टवेअरने 'फॉन्ट मिळत नाही, दुसरा लावू का' विचारलं तर तात्पुरता लावावा. 'पर्मनंट' करून सेव्ह केलं की मूळ फॉन्ट कोणता होता हेच फाइल विसरते. कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकलेली फाइल छान दिसते, पण त्यात नवऱ्यामुलाचं नाव बदलता येत नाही. काही जुन्या मराठी सॉफ्टवेअरचं कुलूप म्हणजे डोंगल, मशीनला खोचायची छोटी कांडी. तो डब्याच्या पाठीमागे खोचलेलाच राहतो आणि डब्यासोबत भंगारात जातो.

"मग सगळं युनिकोड करून टाकू" हा सल्ला चांगला, कारण युनिकोडमध्ये 'म' हा 'म' म्हणूनच साठवला जातो. पण तो डोळे मिटून पाळायचा नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. कन्व्हर्टर तिथेच अडखळतो आणि 'निमंत्रण'चं 'िनमंत्रण', 'आशीर्वाद'चा 'आशीवार्द' होतो. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' ही ओळ नीट आली म्हणून हुरळू नये. 'आशीर्वाद' शोधावा.

शेवटी दोन्हीकडे फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि 'साइज' ताडून पाहावी. 'साइज ऑन डिस्क' नाही, तो फॉरमॅटप्रमाणे बदलतो. मग जुनी डिस्क कागदात गुंडाळून, वर तारीख टाकून कपाटात ठेवावी. निदान पुढच्या तुळशीच्या लग्नापर्यंत तिला हात लावायचा नाही. त्यानंतर सराई सुरू झाली की कोणीतरी काउंटरवर येऊन म्हणणारच, "थोरल्याची पत्रिका तुमच्याकडेच केली होती, तीच काढा, फक्त नावं बदला."