वाइब्ज बिघडलेत म्हणणारे आजोबा

मी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे कान तपासायचे, कानाचं मशीन बसवायचं आणि मग ते माणसाला सोसेल असं सेट करून द्यायचं. तक्रारी ठरलेल्या असतात, हॉटेलात गोंगाटात काही कळत नाही, नातवंडं पुटपुटतात, फोनवर आवाज फाटतो. पण गेल्या हिवाळ्यात ऐंशी ओलांडलेले एक आजोबा आले (इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, मीपण मारते, मनात मात्र आजोबाच) आणि त्यांची तक्रार होती एका रेकॉर्डबद्दल.

रेकॉर्ड म्हणजे ‘कॅल जेडर प्लेज, मेरी स्टॉलिंग्ज सिंग्ज’, १९६१ची, जॅझची, फँटसी कंपनीची, इथल्या शेजारच्याच सॅन फ्रान्सिस्कोची. नवी मशीन लावल्यापासून गाणाऱ्या मेरीचा शब्द न् शब्द कळतो म्हणाले, पण कॅलचे वाइब्ज, म्हणजे व्हायब्राफोन, धातूच्या पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य, ते बिघडलेत, वरचा सूर लांबला की पाण्याखालून आल्यासारखा थरथरतो. शेजारी आजी बसलेल्या, त्या लगेच म्हणाल्या, अरे वाइब्ज थरथरतातच, ते वाद्यच तसं आहे, आणि मुळात ही रेकॉर्ड मेरीची आहे, कॅल मागे वाजवतोय. झालं. आजोबांच्या मते रेकॉर्ड कॅलची, नाव त्याचं आधी आहे, मेरी पाहुणी. दोघांनी तरुणपणी जेडरला ब्लॅकहॉकमध्ये ऐकलेलं, सॅन फ्रान्सिस्कोत टर्क आणि हाइड स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा जॅझ क्लब, १९६३ मध्ये बंद पडला, ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचं लाइव्ह रेकॉर्डिंगही १९६१ मध्ये तिथेच झालं. म्हणजे हा वाद माझ्या वयापेक्षा जुना.

आजींचा मुद्दा पण खोटा नव्हता. व्हायब्राफोनला अॅल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, प्रत्येक पट्टीखाली नळी, आणि नळीच्या तोंडाशी मोटरवर फिरणारी छोटी चकती, ती नळी उघडते-झाकते म्हणून सुराला तो हेलकावा येतो. मोटर बंद ठेवूनही वाजवतात, पण चालू असेल तर कंप हा असणारच. मग आजोबांना ऐकू येतोय तो मोटरचा कंप, की अजून काही?

मी मशीन त्यांच्या कानातून काढून घेतलं, स्टेथोस्कोपसारखी नळी असते आमच्याकडे ती लावून स्वतः तीच गाणी ऐकली, आणि काहीच वावगं वाटलं नाही, वाइब्ज स्वच्छ. मग त्यांना मशीनशिवाय बूथमध्ये बसवून ऐकवलं, आवाज वाढवून, तर तेही म्हणाले ठीक आहे, थरथर नाही, पण मेरीचे शब्द गेले. म्हणजे नुसतं मशीन बरोबर, नुसता कान बरोबर, आणि दोन्ही एकत्र आले की बिघाड! खरं सांगते, अशी केस समोर आली की मला जेवणाची सुट्टी आठवत नाही.

मोटरचा प्रश्न निकालात काढायचा म्हणून व्हायब्राफोन बाजूलाच ठेवला आणि मशीन लावून साधा शुद्ध टोन दिला, हजार हर्ट्झच्या थोडा वर, सपाट, ज्यात कसलाच कंप नाही. आजोबांनी लगेच हात वर केला, हेच, हीच थरथर.

मशिनाने शिट्टी मारू नये म्हणून त्यात एक व्यवस्था असते, आणि काही मशिनांत ती आत आलेला आवाज अगदी किंचित, दहाएक हर्ट्झनी सरकवून बाहेर सोडते. बोलण्यात ते कुणाला कळतही नाही. पण आजोबांच्या कानात उघडी टोपी होती, म्हणजे खरा आवाज थेट आत जातोय आणि मशिनाचा सरकवलेला आवाजही जातोय, आणि दोन सूर दहा हर्ट्झनी वेगळे असले की सेकंदाला दहा ठोके पडतात, तंबोरा लावताना तारा नीट जुळायच्या आधी जे ऐकू येतं ते, फक्त जलद. बोलणं सतत बदलतं म्हणून सुटतं, गाणारीचा आवाजही बराचसा सुटतो, व्हायब्राफोनचा लांब, निर्मळ सूर मात्र पकडला जातो.

तोवर रिसेप्शनवरची आमची मुलगी डोकावली, तिने आयुष्यात जॅझ ऐकलेलं नाही, तिलाही बसवलं. तिचं मत वेगळंच, म्हणाली आवाज आणि ते वाद्य एकाच जागेत उभे आहेत, एकमेकांना धक्का लागेल असं वाटत राहतं. मला हे फार आवडलं कारण ते खरंच आहे, बाईच्या गाण्याची पट्टी जवळजवळ सगळी व्हायब्राफोनच्या तीन सप्तकांत मावते. म्हणूनच जेडर मला मोठा वाटतो, तो मुळात ड्रमर, पियानोवाल्या डेव्ह ब्रुबेकबरोबर वाजवलेला, लॅटिन जॅझमध्ये नाव कमावलेला माणूस, पण इथे मेरी श्वास घेते तिथे दोन सूर ठेवतो आणि बाजूला होतो. आणि मेरी तेव्हा जेमतेम विशीत, चर्चमध्ये गॉस्पेल गात वाढलेली, पुढे काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्रात गायली, तिला घाई म्हणून नाहीच. मी हे वाद्य लहानपणी हिंदी गाण्यांत ऐकलंय, मुंबईच्या स्टुडिओंत बुजी लॉर्ड वाजवायचे, तिथे ते दोन कडव्यांच्या मध्ये चमकून जातं. आख्खी रेकॉर्डभर गाणारीला सोबत करताना मी पहिल्यांदाच नीट ऐकत होते.

शेवटी संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम करून दिला. सरकवणं बंद, नॉइज रिडक्शन बंद, पण मग शिट्टी येऊ नये म्हणून वरच्या फ्रिक्वेन्सीचा आवाज काही डेसिबल खाली आणावा लागला. पुन्हा तीच रेकॉर्ड लावली. आजोबा डोळे मिटून ऐकत होते आणि मग म्हणाले, कॅल परत आला, पण मेरी दोन पावलं मागे गेली, तिचे स आणि त बोथट झालेत. आजी म्हणाल्या, बघ, तुला हवं तेच झालं. फुकटात दोन्ही मिळत नाही हे मी त्यांना आलेख दाखवून समजावलं, आणि मशीन बनवणारे बोलण्याचा विचार आधी करतात ते योग्यच आहे, पण ज्याचं आयुष्य ऐकण्यात गेलंय त्याला पहिल्याच दिवशी हे सांगायला हवं असं माझं ठाम मत आहे. आता नवा माणूस आला की मी विचारते, संगीत ऐकता का, आणि कोणतं वाद्य जास्त.

आजोबा बटण दाबून दोन्ही प्रोग्रॅम वापरतात, ‘गॉड ब्लेस द चाइल्ड’ बोलण्याच्या प्रोग्रॅमवर कारण तिथे शब्द हवेत, बाकीची संगीताच्या. पुढच्या वेळी मिल्ट जॅक्सन, दुसरा मोठा वाइब्जवाला, त्याची रेकॉर्ड आणणार म्हणालेत, तो मोटर मुद्दाम सावकाश ठेवायचा, तेव्हा त्यात एक जरी जादा ठोका ऐकू आला तरी मला सुट्टी नाही.