बोअरचं पाणी आणि दीड इंचाचे मासे

अमळनेरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बोअरची मोटार उघडली की आत पांढऱ्या क्षाराचा थर हा ठरलेलाच. घरच्या बोअरचंही तेच. पातेली पांढरी, गिझरची कॉइल वर्षभरात बाद. अशा पाण्यात गप्पीशिवाय काही जगेल असं मला वाटत नव्हतं.

माशांची पहिली खरेदी रंग बघून केली. दुकानदाराने ‘आफ्रिकन मिक्स’ म्हणून, म्हणजे आफ्रिकेतल्या सिक्लिड माशांची सरमिसळ, सहा पिल्लं दिली. माझी टाकी दोन बाय एक बाय एक फूट, म्हणजे जेमतेम 56 लिटर. त्यातलं पिवळं, काळ्या पट्ट्यांचं पिल्लू सगळ्यात देखणं. पाच-सहा महिन्यांत ते काळं पडलं, पट्टे निळसर झाले आणि पठ्ठ्याने अख्ख्या टाकीचा सातबारा आपल्या नावावर करून घेतला. बाकीचे पाच फिल्टरमागे, शेपट्या कुरतडलेल्या. दिवाळीला तो एकटाच उरला. मागाहून कळलं, तो आफ्रिकेच्या मलावी तलावातला ऑरॅटस. नर वयात आला की असाच रंग पालटतो, आणि भांडखोर माशांतही त्याचं नाव वरच्या नंबरात. दोन फुटांत त्याला ठेवणं ही माझीच चूक.

मुळात ‘आफ्रिकन’ म्हणजे काही एक जात नाही. क्रिबेन्सिस नायजेरिया-कॅमेरूनकडच्या नद्यांतला, त्याला मऊ पाणी बरं. मलावीचे एम्बुना खडकावरचं शेवाळ खरवडून खाणारे. टांगानिका तलावाची तऱ्हा आणखी तिसरी. तिथलं पाणी जड, पीएच 9 च्या आसपास. हे वाचलं आणि मी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, घेऊन आमच्या नळाखाली बसलो. साडेआठशे! तलावाच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे निम्मं आरओचं, क्षार काढलेलं पाणी घातलं की काम झालं, लोक विकत घेतात ते क्षार घालायची गरज नाही.

मग टांगानिकाचे मल्टी आणले. पूर्ण नाव नियोलॅम्प्रोलोगस मल्टिफॅशिएटस, मासा मात्र दीड इंचाचा. तलावाच्या तळाशी गोगलगायींच्या रिकाम्या शंखांचे थरच्या थर आहेत, त्यात ही मंडळी राहते. सुरतच्या एका हौशी माणसाकडून सहा नग भुसावळच्या गाडीने आले. पाटाच्या कडेला सापडलेले गोगलगायीचे पंधरा-वीस शंख उकळून, बारीक वाळूवर पसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर तोंडात वाळू भरायची, दोन इंच लांब नेऊन थुंकायची, परत यायचं. शंखाभोवती खड्डा झाला, शेजाऱ्याच्या दारात ढीग. त्यावरून दोघांची तोंडाला तोंड लावून झटापट, पण जखम कुणालाच नाही.

आईने चष्मा लावून पाहिलं. “हाई काय शे रे, मासा का मुंगळा?”

यांच्यासोबत काय ठेवू, असं पुष्कळ जण विचारतात. दोन फुटात काही नाही, हे माझं स्पष्ट मत. तीन फुटी टाकी असेल तर एका कोपऱ्यात दगड रचून ज्युलिडोक्रोमिस ट्रान्सक्रिप्टस या टांगानिकाच्याच माशाची एक जोडी. ती दगडात, हे वाळूवर. ऑसेलॅटसही शंखात राहतो, पण जागा तीच मागतो, म्हणून नको. मलावीचा कुठलाच नको.

खरी परीक्षा मे महिन्यात. बाहेर 44, टाकीत 32. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा पाण्यावर तिरका बसवला. आपली हवा कोरडी, त्यामुळे पाणी उडतं आणि तापमान तीनेक अंशांनी उतरतं. पण उडतं ते नुसतं पाणी, क्षार टाकीतच राहतात. पहिल्या वर्षी भर बोअरच्या पाण्याने घातली आणि मीटर बाराशेवर गेला. आता रोजची भर आरओच्या पाण्याची, बोअरचं मिसळलेलं फक्त आठवड्याच्या पाणीबदलाला.

सहाचे आता चाळीसच्या वर असतील, नीट मोजता येत नाहीत. धरणगावचा एक मुलगा पिल्लं मागतोय. जाळी घातली की सगळी शंखात. त्याला म्हटलं, बाबा, घेऊन जा, पण तेवढेच रिकामे शंख आधी आणून दे.