वडशाच्या वाटेवर ऑर्गन

धानाची कापणी उरकली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाजवळच्या एका गावात रात्री प्रयोग होता, म्हणून दुपारीच नागपूर सोडलं. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी असा रस्ता. गाडी मित्राची, गाणी माझी, असा करार होता.

मी फ्रेंच संगीतकार सँ-साँसची तिसरी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, लावली. ऑर्गन सिंफनी म्हणतात ती. १८८६ साली लंडनमध्ये ती पहिल्यांदा वाजली, तेव्हा वाद्यवृंदापुढे स्वतः सँ-साँसच उभा होता. पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये १८५८ ते १८७७ त्याने ऑर्गन वाजवला, त्यामुळे हे वाद्य गप्प कधी ठेवायचं ते त्याला नेमकं ठाऊक. पहिली दहाएक मिनिटं ऑर्गन नाहीच.

भिवापूर मागे पडलं तसा मित्र वैतागला. "तुझा तो ऑर्गन कधी येते बे?"

येऊन गेला होता. संथ भाग सुरू होताना व्हायोलिनांच्या खाली तो इतका हळू शिरतो की टायरच्या घरघरीत गेलाच. मोठ्या ऑर्गनात ३२ फुटी नळ्याही असतात. त्यांतला सर्वांत खालचा सूर म्हणजे सेकंदाला जेमतेम १६ कंपनं. तो कानापेक्षा छातीला आणि बसल्या बाकाला कळतो. गाडीच्या दारातला स्पीकर तिथवर पोचतच नाही.

नागभीडच्या अलीकडे गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, इअरफोनचं एक-एक टोक कानात घातलं आणि तो भाग पुन्हा लावला. बाजूच्या बांधीत धानाची नुसती खुंटं आणि पलीकडे एक पुंजणं, कापलेल्या धानाची रास. या वेळी ऑर्गन सापडला. पुढे शेवटच्या भागात तो सगळ्या ताकदीनिशी सी मेजरमध्ये उसळतो, मागोमाग एकाच पियानोवर चार हात धावतात. मित्र म्हणाला, "हां, आता कसं!" लोकांना तेच आवडतं. माझं मत विचाराल तर त्या दणक्यासाठी वाद्यवृंदाकडे पितळी वाद्यं होतीच. ऑर्गनवाचून अडलं असतं ते त्या संथ भागाचं.

वैनगंगेचा पूल ओलांडेस्तोवर अंधार पडला होता. गावात मंडपाच्या तोंडाशी भज्यांची दुकानं, आत चादरी अंथरून, मफलर गुंडाळून सगळं गाव बसलेलं. रंगमंचासमोर वादक आणि त्यांच्यात पायपेटीचा ऑर्गन! वाजवणारे काका चपला काढून अनवाणी पायांनी भाता मारत होते. दोन पट्ट्यांवरचं पांढरं उडून लाकूड दिसत होतं. नायिकेच्या पदाआधी त्यांनी सूर दिला आणि तिने तो उचलेपर्यंत धरून ठेवला.

मध्यंतरात चहाच्या टपरीवर त्यांना तो संथ भाग ऐकवला. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं.

"इतका लांब सूर! पाय नाही दुखत का त्याचे?"

सांगितलं, की काका, त्यांचे पाय खर्जाच्या पट्ट्या वाजवतात. वीज यायच्या आधी भाता मारायला वेगळी माणसं ठेवलेली असत.

"भात्याले वेगळा माणूस?" काकांनी इअरफोन काढून माझ्या हातात दिले. "मजा आहे बा त्यायची. इथं सकाळवरी मीच."