चिखल शिजवला त्या दिवशी

"मॅडम, पॉइंट नाइन वन!"

सकाळी साडेआठलाच ती मल्टीमीटर घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभी. एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीची मुलगी, प्रकल्प मातीतल्या जिवाणूंपासून विजेचा. महिनाभर पाण्याखाली असलेल्या भातखाचरातला चिखल वडिलांनी आदल्याच दिवशी बादली भरून आणून दिला होता.

मलाही आनंद झाला. पण एका रात्रीत ०.९१ व्होल्ट? इलेक्ट्रोडवर, म्हणजे वीज गोळा करणाऱ्या तुकड्यावर, जिवाणूंचा थर बसायलाच आठवडा-दोन आठवडे जातात. बादलीत हात घातला. तळाशी खुराड्याला लावतात ती जस्ताचा मुलामा दिलेली जाळी, वर पाण्यात तांब्याची पट्टी. इलेक्ट्रोडसाठी मागवलेलं कार्बनचं फेल्ट, म्हणजे नमद्यासारखं कापड, आलं नव्हतं, म्हणून तिनं घरात मिळालं ते लावलेलं.

"थोडा चिखल ऑटोक्लेव्हला लाव," एवढंच म्हटलं. दाबाखालच्या वाफेनं जिवाणू मारायचं ते यंत्र.

१२१ अंश, १५ पौंड दाब. घट्ट चिखलात वाफ शिरत नाही, म्हणून पातळ थर करून तासभर ठेवला. शिजलेल्या चिखलाचा वास दुपारभर मजल्यावर होता. संध्याकाळी तो गार झाल्यावर तीच जाळी, तीच पट्टी लावली. मल्टीमीटरवर ०.८९.

मला काही बोलावंच लागलं नाही. जिवाणू मेले तरी आकडा जवळपास तोच, म्हणजे वीज जस्ताच्या झिजण्यातून येत होती. ती बेसिनपाशी जाळी घासत राहिली. मग म्हणाली, "काल बाबांना सांगितलं मी, आपल्या शेतात वीज आहे म्हणून."

तेव्हा मी कच्च्या चिखलाचा एक गोळा घेऊन सुरीनं कापला. आपल्याकडची जांभ्याची माती, बाहेरून तांबडी. आत मात्र राखाडी, बोटाला गुळगुळीत, सडक्या अंड्याचा वास. "हा रंग कुणी बदलला?" पाण्याखाली हवा संपली की काही जिवाणू लोहावर श्वास घेतात. आपले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनकडे जातात, हे जिवाणू त्यांचे इलेक्ट्रॉन पेशीबाहेरच्या लोहाला देऊन टाकतात. तांबडं लोह त्यामुळे बदलतं, विरघळतं. लोहाच्या जागी कार्बन ठेवला, तर इलेक्ट्रॉन तारेतून वर, पाण्यातल्या ऑक्सिजनपर्यंत नेता येतात. जिओबॅक्टर नावाचा असा एक जिवाणू शास्त्रज्ञ डेरेक लव्हली यांना १९८७ मध्ये अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळात सापडला. पुढे त्याच नदीतल्या गाळाच्या विजेवर हवामान नोंदवणारा तरंगता बोया चालवला गेला. त्यावरचा शोधनिबंध २००८ चा. "बाबांना सांगितलंस ते खरंच आहे," मी म्हटलं, "फक्त आपण अजून ते मोजलेलं नाही."

फेल्ट आल्यावर दोन टब लावले, एक कच्च्या चिखलाचा, एक शिजवलेल्या. दोन्हीकडे फेल्टच, तार न झिजणाऱ्या टायटॅनियमची, धातूची जाळी कुठेही नाही. पहिले पाच-सहा दिवस दोन्ही टब निपचित. मग कच्च्या टबाचा आकडा चढू लागला, आणि सोळाव्या दिवशी हजार ओहमच्या रोधावर ०.३ व्होल्ट आले. शिजवलेला टब जागचा हलला नाही.

०.३ व्होल्ट म्हणजे ९० मायक्रोवॅट. नऊ वॅटच्या एका दिव्याला असे एक लाख टब लागतील, हा हिशेब तिनंच केला. घर उजळायची ही वीज नव्हे. पण बांधावरच्या एखाद्या सेन्सरनं थोडी थोडी साठवून तासातून एकदा पाण्याची पातळी कळवावी, एवढं यातून व्हावं असं मला मनापासून वाटतं.

वडील एकदा येऊन टब बघून गेले. मल्टीमीटरपेक्षा चिखलाकडेच जास्त वेळ बघत होते.

प्रबंधातला पहिला तक्ता ०.९१ आणि ०.८९ चा आहे. तो तिनं स्वतःहून घातला.