दारीकाना

किरगिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकमध्ये, पहिल्याच संध्याकाळी माझं डोकं ठणकायला लागलं. तिथे डॉक्टरकी शिकणारी भाची म्हणाली, “मावशी, चौकातच दारीकाना आहे.” मी दचकलेच. जाऊन पाहते तर औषधाचं दुकान! किरगीझमध्ये ‘दारी’ म्हणजे औषध. फारसी ‘दारू’चा हा जुना अर्थ आपल्या ‘दवादारू’तही टिकून आहे. आणि ‘काना’ म्हणजे दवाखान्यातला ‘खाना’.

मग मी पाट्याच वाचत सुटले. रशियनच्या 33 अक्षरांत किरगीझने तीन घातली आहेत. त्यातलं एक म्हणजे चक्क ‘वाङ्मय’मधला ङ. शार म्हणजे शहर, दोस म्हणजे दोस्त. देप्तेर म्हणजे वही, आपलं दप्तर! अर्थात ही फारसी-अरबीतून दोन्ही घरी उतरलेली पाहुणे मंडळी. किरगीझ तुर्की कुळातली, कझाकच्या अगदी जवळची. तरी वाक्याची मांडणी मला ओळखीची वाटली: ‘मेन बाजारगा बाराम’, मी बाजाराला जाते. बाजाराला लागलेला ‘गा’ म्हणजे आपला ‘ला’च. फक्त ‘बाराम’मध्ये ‘जातो’ की ‘जाते’ हे कळत नाही. तो, ती, ते, तिघांनाही एकच शब्द: ‘आल’.

शहरात रशियन सतत कानावर पडते. किरगीझला राज्यभाषेचा दर्जा मिळाला तो 1989 साली. भाचीच्या घरमालकीणबाई मात्र घरात किरगीझच बोलतात. त्यांनी एकदा ट्रंकेतून आजोबांची वही काढली. अक्षरं अरबी. 1928च्या सुमारास तिथे लॅटिन लिपी आली, 1940च्या सुमारास सिरिलिक, म्हणजे रशियनची लिपी. त्यांची आई लॅटिन अक्षरं गिरवत शिकली, त्या स्वतः सिरिलिक. म्हणजे भाषा तीच, हस्ताक्षर घरातल्याच माणसाचं, आणि वाचता येत नाही. ऐकताना माझ्या पोटात तुटलं.

आमच्याकडे आजोबांचे मोडीतले कागद आहेत, तेही आम्हाला कुणाला वाचता येत नाहीत. फोनमधला त्या कागदांचा फोटो मी बाईंपुढे धरला. कोणाचं, असं त्यांनी खुणेनेच विचारलं. भाचीने कानात सांगितलेले शब्द मी जुळवले, “मेनिन चोङ आताम.” माझे आजोबा.

बाईंनी फोटो बराच वेळ न्याहाळला. मग स्वतःच्या वहीवर तळवा ठेवून हळूच म्हणाल्या, “चोङ आताम.”