बॅटरीच्या खणातली सहा भोकं

गेल्या दिवाळीत मामेबहीण अमेरिकेतून आली. येताना घर बदलल्यावर उरलेल्या वस्तू बॅगेत कोंबून घेऊन आली होती. त्यात एक जाडजूड युनिव्हर्सल रिमोट निघाला. "बघ, तुला याचं काही होतंय का," म्हणाली. सोबतच्या पुस्तिकेत शेकडो कंपन्यांचे चार आकडी कोड होते. आमचा टीव्ही एका कोडवर निम्माशिम्मा चालला, पण केबलवाल्याच्या सेट टॉप बॉक्सचं नाव कुठेच नव्हतं. असणार तरी कसं? सोलापूरच्या केबलवाल्याचा बॉक्स अमेरिकेच्या यादीत कोण घालणार!

फेकून देणार होतो, तेवढ्यात बॅटऱ्या काढताना खणाच्या तळाशी दोन ओळींत तीन-तीन अशी सहा भोकं दिसली. ज्यांना हा नाद आहे त्यांना कळलंच असेल. हा जेपी-वन जातीचा रिमोट. सर्किटवर या कनेक्टरशेजारी 'जेपी१' असं छापलेलं असतं, त्यावरून पडलेलं हे नाव. युनिव्हर्सल इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीच्या बऱ्याच रिमोटमध्ये ही सोय सापडते. आतल्या मेमरी चिपपर्यंत थेट वाट. ती चिप कॉम्प्युटरवरून लिहिता आली, तर यादीत नसलेलं यंत्रही रिमोटला शिकवता येतं. सुरुवातीला लोक त्यासाठी कॉम्प्युटरच्या प्रिंटर पोर्टला केबल लावायचे. आता प्रिंटर पोर्ट कुठे मिळणार, म्हणून मी नोडएमसीयू हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड वापरायचं ठरवलं.

शनिवार रात्र: डाग

संक्रांतीचा आठवडा, सगळं सोलापूर गड्ड्याच्या जत्रेत. मी घरात २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न तापवत बसलेलो. रिमोट उघडायला चार स्क्रू आणि कडेच्या खाचा. खाचांसाठी जुनं सिमकार्ड उत्तम, स्क्रू ड्रायव्हर घातला की प्लास्टिक पांढरं पडतं.

आत आठ पायांची २४सी१६ बसलेली, तीच ती मेमरी चिप. तिचे पाय ठरलेले असतात: ४ नंबर ग्राउंड, ५ डेटा, ६ क्लॉक, ८ सप्लाय. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड असला की वाजतो) ठेवून एकेका पायापासून सहाही भोकं तपासली. चार भोकं चिपची निघाली, पाचवं प्रोसेसरच्या रीसेटला गेलेलं. सहाव्याचं मला काम नव्हतं. पिना कशा आहेत हे कुठेतरी वाचून विश्वास ठेवण्यापेक्षा अशी पाच मिनिटं मोडलेली परवडतात.

नवी पेठेतून आणलेली बर्ग स्ट्रिप (पिनांची पट्टी) कापून आधी नर पिना लावल्या. मग लक्षात आलं की बॅटऱ्याच बसत नाहीत. सगळं डाग काढून परत. डाग शोषून घेणारी विक संपली, आणि एका भोकाची तांब्याची कडी जवळजवळ उचकटली. शेवटी मादी स्ट्रिप आतल्या बाजूने बसवली. चटके दोन. आज्जी म्हणाली, "काय करलालास रे? चांगला होता की रिमोट."

रविवार: वाचन, आणि आठ चिपांचा घोळ

पहिली काळजी व्होल्टेजची. रिमोट दोन सेलवर, म्हणजे ३ व्होल्टवर चालतो. आर्डुइनो उनो हा माझ्याकडचा दुसरा बोर्ड ५ व्होल्टचा, आणि त्याची 'वायर' लायब्ररी (चिपशी बोलायचा तयार प्रोग्रॅम) आतले पुल-अप, म्हणजे तार सप्लायकडे ओढून धरणारे रेझिस्टर, ५ व्होल्टला चालू करून ठेवते. २४सी१६ ला ५ व्होल्ट पचतील, शेजारच्या प्रोसेसरची हमी नाही. म्हणून ३.३ व्होल्टचा नोडएमसीयू. डी१ ला क्लॉक, डी२ ला डेटा, दोन्ही ग्राउंड एकत्र, आणि ४.७ किलोओहमचे दोन पुल-अप रिमोटच्याच सप्लायला.

कुठल्या पत्त्यावर चिप उत्तर देते ते शोधणारा स्कॅनर प्रोग्रॅम चालवला. कधी हेक्स (सोळाच्या पटीत मोजायची पद्धत) ५० वर उत्तर, कधी शुकशुकाट. दोनदा वाचलं तर दोन्ही वाचनं वेगळी. कनेक्शन हलवून बघितली, वायरी बदलल्या, नोडएमसीयूसुद्धा बदलला. दोष माझाच होता. रिमोटचा प्रोसेसर जागा होता आणि त्याच दोन तारांवर तोही बोलत होता. एका फोनवर तिघे बोलायला लागले तर काय ऐकू येणार? ती पाचवी रीसेटची तार ग्राउंडला धरून ठेवली, प्रोसेसर झोपला आणि लाइन मोकळी झाली.

आणि आता स्कॅनर म्हणतो आठ चिपा आहेत! ५० पासून ५७ पर्यंत सगळे हजर. मी टॉर्च घेऊन बोर्ड उलटापालटा केला. चिप एकच. उलगडा असा की २४सी१६ मध्ये २०४८ बाइट असतात, पण पत्त्याचा बाइट एकच, त्यात २५६ पर्यंतच मोजता येतं. म्हणून ती २५६ चे आठ कप्पे करते आणि प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र नंबर असल्यासारखी वागते. २४सी३२ पासून पुढे पत्ता दोन बाइटांचा होतो, त्यामुळे मोठी चिप नुसती बदलून चालत नाही. रिमोटला ती भाषाच कळत नाही.

दोनदा वाचून दोन्ही फायली जुळवल्या. एकही फरक नाही. ती फाइल तीन ठिकाणी ठेवली, एक मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर. त्याचं उत्तर, "काय पाठवलास बे, व्हायरस आहे का?"

स्क्रीनवरचे आकडे आज्जीने बराच वेळ बघितले. आजोबा चादरीच्या कारखान्यात जॅकार्डच्या मागावर होते. ती म्हणाली, "हे कार्डासारखंच की. भोक आहे, भोक नाही." पुठ्ठ्याची ती कार्डं मी लहानपणी बघितलीत. एक कार्ड चुकून मागेपुढे ओवलं की चादरीवरचा मोर मानेतून मोडायचा. पुढच्या शनिवारी माझं नेमकं तेच झालं.

मधले दिवस: बॉक्सची भाषा

दिवसा टॉवेलच्या कारखान्यात बिलं, रात्री हे. बॉक्सच्या मूळ रिमोटसमोर टीसॉप १७३८ हा इन्फ्रारेड रिसीव्हर धरला, उनोवर इशारे वाचणारी आय-आर-रिमोट लायब्ररी. (इथे ५ व्होल्ट चालतात. हा भाग आता कंपनी बनवत नाही, पण दुकानात त्याच नावाने मागितला की चालणारं काहीतरी मिळतं.) पहिल्या दिवशी घरी लवकर आलो होतो, तर नुसता कचरा. खिडकी पश्चिमेची, संध्याकाळचं ऊन थेट रिसीव्हरवर. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, बिचारा आंधळाच होतो. खिडकीला चादर लावली आणि आकडे स्वच्छ आले.

एनईसी प्रोटोकॉल निघाला, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यांची एक ठरलेली पद्धत. ३८ किलोहर्ट्झची लहर. आधी ९ मिलिसेकंदांचा लांब इशारा, मग ४.५ ची शांतता, मग ३२ बिट: पत्ता, त्याचा उलट, बटण, त्याचा उलट. बिट शून्य असो की एक, इशारा ५६० मायक्रोसेकंदांचाच, फरक मागच्या शांततेच्या लांबीत. आपल्या बोलण्यातही अर्थ बऱ्याचदा थांबण्यातच असतो म्हणा.

बॉक्सचं पॉवर बटण म्हणजे ८. पण रिमोटच्या मेमरीत ८ लिहून भागत नाही. एनईसी बिट शेपटाकडून पाठवतो आणि माझा रिमोट ते उलटे करून साठवतो. ८ म्हणजे ००००१०००. उजवीकडून डावीकडे वाचा, ०००१००००. आता शून्याचे एक आणि एकाचे शून्य करा, १११०११११. हेक्समध्ये ईएफ. तीस बटणं मी वहीत अशी हाताने केली. रिमोटमास्टर हे फुकट सॉफ्टवेअर ते आपोआप करतं, हे नंतर बघितलं. वही जपून ठेवलीय.

दुसरा शनिवार: लेखन

आधी एकच बाइट हाताने बदलून बघायचा मोह झाला. बदलला, रीसेट सोडला, आणि रिमोटने टीव्हीचा कोडही विसरून कारखान्यातून आल्यासारखं तोंड केलं. मेमरीच्या अगदी सुरुवातीला चेकसम, म्हणजे बाकीच्या बाइटांवरून काढलेला पडताळणीचा आकडा, असतो. बेरीज जुळली नाही की रिमोट सगळी मेमरी खराब समजून पुसतो. मोराची मान मोडली.

मूळ फाइल परत लिहायला घेतली तर तीही अर्धवट. एक तुकडा बसलेला, पुढचा गायब, परत एक बसलेला. ही चिप एका दमात १६ बाइट घेते आणि मग ५ मिलिसेकंदांपर्यंत आतल्या आत लिहीत बसते. तेवढ्यात काही पाठवलं तर ती ऐकतच नाही, आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये थांबाच नव्हता. ५ मिलिसेकंद घातले. २०४८ बाइटांचे १२८ तुकडे, सगळं मिळून पाऊण सेकंदाहूनही कमी थांबणं. तेवढ्यासाठी रात्रीचा एक वाजला.

मग शहाणपणाने रिमोटमास्टर. चेकसमनंतर मेमरीत आठ अक्षरांची सही असते, तिच्यावरून तो रिमोट ओळखतो आणि योग्य नकाशाची फाइल उघडतो. त्यात नवीन यंत्र, प्रोटोकॉल एनईसी, पत्ता आणि तीस बटणं. चेकसम त्याचा तो करतो. फाइल लिहिली, लिहिलेलं परत वाचून जुळवलं, मगच रीसेट सोडला. बॉक्सचा कोड टाकून पॉवर दाबलं. लाल दिव्याचा हिरवा झाला. रात्री पावणेदोन वाजता मी एकटाच टीव्हीसमोर उभा राहून चॅनेल बदलत होतो.

आता कुठे अडलंय

आज्जीसाठी एका बटणात सगळं हवंय: टीव्ही चालू, बॉक्स चालू, तिचं भजनाचं चॅनेल. मॅक्रो, म्हणजे एका बटणामागे बटणांची माळ, लिहायला सोपा आहे. अडचण अशी की पॉवर बटण चालूला बंद करतं आणि बंदला चालू. बॉक्स आधीच चालू असला तर मॅक्रो तो बंद करून टीव्ही चालू करणार.

नुसतं 'चालू' करणारा वेगळा आकडा कधीकधी यंत्रात असतो, पण रिमोटवर त्याला बटण नसतं. म्हणून नोडएमसीयूला बीसी५४७ ट्रान्झिस्टरवर आय-आर (इन्फ्रारेड) एलईडी लावला (तो पेटतोय का हे मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात जांभळट दिसतं) आणि ० ते २५५ सगळे आकडे तीन-तीन सेकंदांनी टीव्हीवर सोडले. साधारण तेरा मिनिटं. मी समोर वही घेऊन. मधेच एका आकड्यावर दुरुस्तीवाल्यांसाठीचा मेनू उघडला, आणि मी प्रोग्रॅम थांबवेपर्यंत पुढच्या दोन आकड्यांनी त्यात काहीतरी बदललं. चित्र डावीकडे सरकलं ते जाग्यावर आणायला एक संध्याकाळ गेली. तुम्ही करणार असाल तर प्रत्येक आकड्यानंतर प्रोग्रॅम तुमच्या 'पुढे'साठी थांबेल असा लिहा.

टीव्हीचा फक्त-चालूचा आकडा मिळाला. बॉक्सवरही सगळे २५६ मारले, त्याला तसा आकडाच नाही. सध्याचा तोडगा म्हणजे बॉक्स कधी बंदच करायचा नाही आणि मॅक्रोतून त्याचं पॉवर काढून टाकायचं. चॅनेलचे तीन आकडे पाठवताना मधे थांबा कमी पडतो, पाचातून एकदा भलतंच चॅनेल लागतं. तो वाढवायचाय. कुणी याच जातीच्या रिमोटमध्ये मॅक्रोच्या मधला वेळ वाढवला असेल तर कसा, ते सांगा.

आज्जी नवा रिमोट आवाज कमीजास्त करायला वापरते. जुना अजून उशाशीच आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, वरून रबर बँड.